कॅबिनेटचे फॅन आणि दिवे सॉफ्टवेअरने कसे आवरायचे?

गुंताडा | ९ मे, रात्री १०:१२

रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, बी६५० चा मदरबोर्ड. कॅबिनेटला पुढे १२० मिमीचे तीन एआरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन, मागे तसाच एक. पुढचे तिन्ही साटा पॉवर (डिस्कला वीज देणारी वायर) घेणाऱ्या पीडब्ल्यूएम (सिग्नलने वेग ठरवणाऱ्या) हबवर आहेत, हबची शेपटी बोर्डाच्या सिस्टिम फॅन १ या हेडरमध्ये (पिनांच्या जोडात). मागचा थेट सिस्टिम फॅन २ मध्ये. दिव्यांच्या वायरी एकात एक गुंफून पाच व्होल्टच्या हेडरला दिल्या आहेत.

गोंधळ असा:

पुढचे तिन्ही कायम फुल्ल स्पीडला. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग तो आलेख, कितीही खाली ओढा, ढिम्म. वर सिस्टिम फॅन १ चं आरपीएम (मिनिटाला फेरे) शून्य दिसतं.

मागचा धाप लागल्यासारखा वर-खाली होतो, नुसता ब्राउझर उघडला तरी.

ओपनआरजीबीमध्ये (दिव्यांच्या प्रोग्रॅममध्ये) चारपैकी दोनच फॅन उजळतात. मशीन बंद केल्यावर मात्र दिवे रात्रभर चालू.

बोर्डवाल्यांचं अवजड सॉफ्टवेअर ठेवायचं नाहीये. विंडोज ११ आहे. कुठून सुरुवात करू?

उष्माघात | ९ मे, रात्री १०:१९

शीर्षकात कॅबिनेट लिहिलंत म्हणून वाचलात. 'केस फॅन' लिहिलं असतं तर निम्मे प्रतिसाद हेअर ड्रायरवर आले असते.

ओमचा_नियम | ९ मे, रात्री १०:४१

पहिली तक्रार आधी घेऊ, कारण ती सॉफ्टवेअरची नाहीच.

चार पिनांच्या फॅनला ग्राउंड, १२ व्होल्ट, टॅक आणि पीडब्ल्यूएम अशा चार वायरी असतात. टॅक म्हणजे फॅन स्वतःचा वेग सांगतो ती, एका फेऱ्याला दोन ठोके. चौथ्या पिनवर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल येतो आणि तो किती वेळ 'चालू' आहे त्यावर फॅन वेग ठरवतो. सिग्नलच आला नाही तर फॅन पूर्ण वेगाने फिरायचं, असा संकेत आहे. सुरक्षिततेसाठी तेच बरोबर.

तुमचा हब १२ व्होल्ट साटामधून घेतो. बोर्डाच्या हेडरकडून त्याला फक्त पीडब्ल्यूएमचा सिग्नल हवा असतो. आता तो हेडर बायोसमध्ये डीसी मोडला असेल तर बोर्ड दुसऱ्या पिनवरचं व्होल्टेज कमी-जास्त करत बसतो, आणि ते हबपर्यंत पोचतच नाही. चौथ्या पिनवरचा सिग्नल कायम 'चालू'च. परिणाम: तिन्ही फॅन फुल्ल. बायोसमध्ये जाऊन सिस्टिम फॅन १ 'ऑटो' वरून 'पीडब्ल्यूएम' करा.

उलटा प्रकारही लक्षात ठेवा. तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएम मोडच्या हेडरला लावला तर तोही कायम फुल्लच फिरतो. त्याला डीसी मोडच लागतो.

मंद_दिवा | ९ मे, रात्री ११:०५

आरपीएम शून्य दिसण्याचं कारण बहुधा वेगळं. बहुतेक हबांत एकाच पोर्टची टॅक वायर बोर्डापर्यंत नेलेली असते, त्या पोर्टवर १ लिहिलेलं असतं किंवा त्याचा रंग वेगळा असतो. तो पोर्ट रिकामा असेल तर बोर्डाला वाटतं फॅनच नाही. आणि टॅक न मिळाल्यामुळे 'ऑटो'चा अंदाजही चुकू शकतो. ओमचा_नियम यांनी सांगितलेली तक्रार आणि ही, एकाच वायरीची दोन टोकं असू शकतात.

बायोसभक्त | १० मे, सकाळी ८:३०

मुळात सॉफ्टवेअर हवंच कशाला? बायोसमध्ये कर्व्ह बसवा, विसरून जा. विंडोज उडालं, लिनक्स टाकलं, अपडेटने गोंधळ घातला, फॅन आपले चालू. असूसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर, एएसरॉकमध्ये फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग. नावं निराळी, काम तेच.

मागच्या फॅनला धाप लागते कारण तो सीपीयूच्या तापमानावर बांधलेला आहे. रायझनचं चिपलेट (आतला सिलिकॉनचा तुकडा) एवढंसं असतं, एक टॅब उघडला की क्षणभर बूस्ट होतं (वेग वाढतो) आणि आकडा दहा अंशांनी उडी मारतो. हवा तापलेली नसतेच. बायोसमध्ये 'स्टेप अप' किंवा 'स्मूदिंग' नावाचं सेटिंग शोधा, वाढवा. कॅबिनेटच्या फॅनसाठी तापमानाचा स्रोत सीपीयूऐवजी मदरबोर्ड किंवा व्हीआरएम (सीपीयूला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) निवडा. ते आकडे सावकाश चढतात, सावकाश उतरतात.

बारा_व्होल्ट | १० मे, सकाळी ९:१५

@बायोसभक्त, अर्धं मान्य. पण बायोसला ग्राफिक्स कार्डाचं तापमान सहसा दिसत नाही, आणि या मशीनमधली खरी शेगडी तीच आहे. ४०७० ची मर्यादा २०० वॉट, ७६०० ची ८८ वॉट. गेम चालू असताना सीपीयू ६५ अंशांवर निवांत बसलेला असू शकतो आणि त्याच वेळी कार्ड कॅबिनेटभर गरम हवा ओकत असतं. पुढच्या फॅनने कुणाकडे बघून पळायचं, तर कार्डाकडे.

म्हणून वाटणी अशी करावी: सीपीयू कूलरचा फॅन बायोसकडे, कॅबिनेटचे फॅन सॉफ्टवेअरकडे. सॉफ्टवेअर म्हणजे 'फॅन कंट्रोल', फुकट आहे. पद्धत:

आधी बायोसमध्ये साधा, जरा चढा कर्व्ह ठेवा. सॉफ्टवेअर सुरू झालं नाही तर मशीन त्याच्यावर चालेल.

मग फॅन कंट्रोल उघडून असिस्टेड सेटअप चालवा. ते एकेक फॅन थांबवून-फिरवून कुठला कंट्रोल कुठल्या फॅनचा ते जुळवतं. नावं लगेच बदलून घ्या, 'पुढचे', 'मागचा'. आठवड्याने 'कंट्रोल ३' म्हणजे कोण हे कुणालाच आठवत नाही.

नंतर दोन ग्राफ कर्व्ह. पहिला कार्डाचा: ४५ अंशांना ३० टक्के, ६० ला ४५, ७० ला ६०, ८० ला ८५. दुसरा सीपीयूचा: ६० ला ३०, ७५ ला ५०, ८८ ला ८०. सीपीयूसाठी थेट सेन्सर न घेता 'टाइम अ‍ॅव्हरेज' नावाचा कस्टम सेन्सर बनवा, दहा सेकंदांची सरासरी पुरे. तिसरा कर्व्ह 'मिक्स' प्रकारचा, त्यात हे दोन्ही घाला आणि 'मॅक्स' निवडा. ज्याची मागणी जास्त त्याचं ऐकायचं. कॅबिनेटचे सगळे फॅन या तिसऱ्यावर.

शेवटी हिस्टरेसिस (तापमान किती बदललं की फॅनने हलायचं ते अंतर) ३ अंश ठेवा. चढताना पटकन, उतरताना सावकाश. फॅन उतरायला वेळ घेतो ते कानाला खटकत नाही, सारखा चढ-उतार खटकतो.

चकलीपात्र | १० मे, सकाळी ९:५०

फॅन कंट्रोल टाकल्यावर विंडोजचा डिफेंडर 'विनरिंग० धोकादायक' म्हणून ओरडतो त्याचं काय करायचं? अपवादात टाकू?

ओमचा_नियम | १० मे, सकाळी १०:२२

नाही, आवृत्ती बदला. विनरिंग० हा जुना ड्रायव्हर, तापमान वाचायला बऱ्याच प्रोग्रॅमांनी वापरलेला. त्यातली त्रुटी २०२० पासून नोंदवलेली आहे: कुठलाही साधा प्रोग्रॅम त्याच्यामार्फत कर्नलपर्यंत (विंडोजच्या गाभ्यापर्यंत) पोचू शकतो. मार्च २०२५ मध्ये डिफेंडरने त्याला पकडायला सुरुवात केली आणि एका रात्रीत लोकांचे फॅन पोरके झाले. डिफेंडरचा कांगावा म्हणून हसण्यासारखं नव्हतं, त्याचं म्हणणं रास्त होतं. फॅन कंट्रोलच्या नव्या आवृत्त्या पॉनआयओ नावाचा दुसरा ड्रायव्हर वापरतात. जुनं काढा, नवं टाका, अपवाद घातला असेल तर तोही पुसा.

अजून कुणी स्पीडफॅन वापरत असेल तर सोडा. त्याचं शेवटचं अपडेट २०१६ चं आहे, आजचे बोर्ड त्याला ओळखत नाहीत.

बायोसभक्त | १० मे, सकाळी १०:४०

बघा. म्हणून म्हणतो बायोस. आणि विंडोज गोठलं तर?

बारा_व्होल्ट | १० मे, सकाळी ११:०२

प्रश्न बरोबर आहे. नीट बंद केलं तर प्रोग्रॅम ताबा बायोसला परत देतो. पण मशीन गोठलं तर बोर्डावरची सुपर आयओ चिप (फॅन चालवणारी) शेवटचा लिहिलेला आकडा धरून बसते. म्हणूनच (१) सीपीयूचा फॅन सॉफ्टवेअरला द्यायचा नाही, (२) कॅबिनेटच्या फॅनना शून्य टक्के कधी द्यायचं नाही, ३० चा तळ ठेवायचा. एवढं पाळलं की गोठलेलं मशीन गरम होईल, जळणार नाही. सीपीयू आणि कार्ड दोघंही वेग उतरवून स्वतःला सांभाळतात.

मंद_दिवा | १० मे, दुपारी १:१०

आता दिवे.

पाच व्होल्टच्या एआरजीबीमध्ये प्रत्येक दिव्यात छोटी चिप असते. डेटा एकाच वायरीने येतो, पहिला दिवा आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेलं पुढच्याला ढकलतो. पंगतीत पहिल्याने आपल्यापुरतं वाढून घेऊन भांडं पुढे सरकवावं तसं. त्यातून तीन गोष्टी निघतात.

एक, माळेत किती दिवे आहेत हे बोर्डाला कळत नाही, उलट उत्तर येतच नाही. ओपनआरजीबीमध्ये त्या झोनवर जाऊन 'रिसाइझ'मध्ये आकडा आपण द्यायचा. एका फॅनमध्ये १२ दिवे असतील तर एकात एक गुंफलेल्या चार फॅनचे ४८. तुमच्याकडे तिथे २४ असणार, म्हणून दोनच फॅन उजळतात.

दोन, गुंफण्याऐवजी स्प्लिटर लावला असेल तर बेरीज करायची नाही. चारही फॅनना तोच डेटा एकदम मिळतो, आकडा १२ च. सगळे एकसारखे दिसतील, एकातून दुसऱ्यात जाणारी लाट मिळणार नाही.

तीन, मधला एक दिवा मेला की त्याच्या पुढचे सगळे आंधळे. तेव्हा आधी शेवटच्या उजळलेल्या दिव्याच्या पुढचा तपासा, अख्खा फॅन फेकू नका.

लाल मागितला आणि हिरवा आला तर वायर उलटी नाही, रंगांचा क्रम उलटा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आरजीबीचं जीआरबी करा.

उष्माघात | १० मे, दुपारी १:१८

पंगतीची उपमा दिल्यावर जेवायची वेळ झाली हे लक्षात आलं. शेवटच्या फॅनला मठ्ठा उरतो का?

ओमचा_नियम | १० मे, दुपारी १:४४

मठ्ठा नाही, व्होल्टेज कमी उरतं. थट्टा नाही, खरंच. लांब माळेत पांढरा रंग लावला की शेवटचे दिवे पिवळट-तांबूस दिसतात. लाल दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. वायरीत व्होल्टेज पडलं की निळा आधी दमतो.

हिशेबही मांडून ठेवा. एक दिवा पूर्ण पांढरा असताना जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो. ४८ दिवे म्हणजे २.८८ अँपिअर. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या हेडरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ३ अँपिअर. तुमचं काठावर बसतं. वर एखादी पट्टी जोडायचा मोह झाला तर साटा पॉवरचा एआरजीबी हब घ्या, नाहीतर प्रकाश ६० टक्क्यांवर ठेवा. डोळ्यांना फरक जेमतेम जाणवतो.

आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, सुटा एआरजीबी फॅन घेताना जोडाची भोकं मोजा. तीन भोकं आणि मध्ये एक बुजलेलं, तो पाच व्होल्ट. चार भोकं, तो बारा व्होल्टचा साधा आरजीबी. पाचचा जोड बाराच्या हेडरवर दामटला तर दिवे तिथेच संपले. काही स्वस्त एक्स्टेन्शनना बुजलेलं भोक नसतं, तिथे जोडावरचा बाण बघून ५ व्होल्टच्या पिनशी जुळवायचा.

मोलेक्सचा जोड आणि ठरावीक रंग असलेला फॅन असेल तर त्याला कुठलंही सॉफ्टवेअर हलवू शकत नाही. सहा पिनांचे, सोबत रिमोट असलेले असतील तर हबवर बोर्डाकडून येणारी 'सिंक'ची वायर आहे का ते विचारा. असली तर ती जोडून रिमोटवरच्या बोर्डाच्या बटणाने मोड बदलावा लागतो. नसली तर रिमोटच तुमचं सॉफ्टवेअर.

गुंताडा | १० मे, दुपारी ३:०५

रिसाइझमध्ये खरंच २४ होतं. ४८ केलं, चारही उजळले. फॅन रात्री उघडून बघतो.

टर्मिनल_काकू | १० मे, दुपारी ४:२०

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. एलएम-सेन्सर्स टाका, सेन्सर्स-डिटेक्ट चालवा. बोर्डावरची फॅन चालवणारी चिप नुव्होटॉनची असेल तर एनसीटी६७७५ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. आयटीईची नवी चिप असेल तर आयटी८७ चा कर्नलबाहेरचा ड्रायव्हर बऱ्याचदा वेगळा बांधावा लागतो. मग पीडब्ल्यूएमकॉन्फिग. ते एकेक फॅन थांबवून कुठला कुणाचा ते शोधतं, सीपीयू गरम नसताना चालवा. त्यातून फॅनकंट्रोल सेवेची फाइल तयार होते.

फसतं कुठे? कर्नल सेन्सरच्या चिपना देतो ते हार्डवेअर मॉनिटरचे क्रमांक रीबूटनंतर बदलतात. काल दोन होता तो आज तीन. सेवा फाइलमधलं नाव जुळवून बघते, जुळलं नाही की सुरूच होत नाही, आणि फॅन बायोसच्या कर्व्हवर जातात. हे नको असेल तर कूलरकंट्रोल वापरा. खिडकीवालं आहे, कार्डाचं तापमानही घेतं, मिक्स कर्व्हही देतं. लिक्विड कूलर आणि यूएसबी हब लिक्विडसीटीएल या साधनामधून.

हाताने करायचंच तर पीडब्ल्यूएमच्या इनेबल फाइलमध्ये १ लिहून मग पीडब्ल्यूएमच्या फाइलमध्ये ० ते २५५ मधला आकडा. ७७ म्हणजे साधारण ३० टक्के. इनेबलमध्ये ० लिहिलं तर फॅन थांबेल असं वाटतं, पण ० म्हणजे नियंत्रण काढून घेणं, फॅन फुल्ल.

ओपनआरजीबीसाठी यूडेव्हचे (उपकरणांच्या परवानग्यांचे) नियम टाका, नाहीतर ते रूटशिवाय (पूर्ण अधिकारांशिवाय) काही शोधत नाही. रॅमला दिवे असतील तरच आय२सीचे मॉड्यूल लोड करा. नसतील तर सेटिंगमध्ये रॅमचे शोधक बंद ठेवा. एसएमबसवर (हे मॉड्यूल जिच्याशी बोलतं त्या बोर्डाच्या आतल्या वायरीवर) रॅमची माहिती साठवलेली चिपही बसलेली असते, तिथे विनाकारण टोचू नये.

चकलीपात्र | १० मे, दुपारी ४:३१

काकू, वाचनखूण साठवली. आयटी८७ वर दोन दिवस भिंतीला डोकं आपटण्याआधी हे वाचायला हवं होतं.

विदर्भी_ऊन | १० मे, संध्याकाळी ६:१५

एक मुद्दा कुणी काढला नाही. हे सगळे कर्व्ह कोणत्या महिन्यातले? डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना बसवलेला कर्व्ह मे महिन्यात, खोली ३८ वर असताना, काहीही न चालवता ६० टक्क्यांवर पळतो. भाऊ, फॅन आतली हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. वेग अर्धा केला की हवा अर्धी होते आणि आवाज साधारण १५ डेसिबल उतरतो. उलट्या दिशेला तीच किंमत आवाजात मोजावी लागते.

उपाय: फॅन कंट्रोलमध्ये दोन कॉन्फिगरेशन साठवा, उन्हाळा आणि हिवाळा. उन्हाळ्याच्या कर्व्हचे तापमानाचे आकडे १० अंशांनी उजवीकडे, वरचं टोक मात्र तिथेच. बोर्डावर टी-सेन्सरचा दोन पिनांचा हेडर असेल तर १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारी वायर) पुढच्या जाळीजवळ लावा, खोलीची हवा थेट कळते.

वाळ्याचा कूलर खोलीत असेल तर पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवा. बंद जाळीमागे फॅन कितीही पळवला तरी नुसता ओरडतो.

मंद_दिवा | १० मे, संध्याकाळी ७:००

बंद मशीनचे दिवे राहिलेच. बोर्डाला स्टँडबायचे पाच व्होल्ट बंद असतानाही मिळत असतात. बायोसमध्ये ईआरपी रेडी (ही स्टँडबायची वीज तोडणारं सेटिंग) चालू करा. किंमत: बंद मशीनच्या यूएसबीवर फोन चार्ज होणार नाही, कीबोर्डने मशीन उठणार नाही. ती नको असेल तर ऑनबोर्ड एलईडीचं वेगळं सेटिंग शोधा, असूसमध्ये झोपेत आणि बंद असताना दिवे ठेवायचे का असा पर्याय आहे.

झोपेतून उठल्यावर दिवे पुन्हा इंद्रधनुष्य होतात, त्यासाठी टास्क शेड्युलरमध्ये ओपनआरजीबीचं प्रोफाइल लावणारं काम करा, सर्वोच्च अधिकारांसह. दोन ट्रिगर: लॉगइननंतर ३० सेकंदांनी, आणि सिस्टिम लॉगमध्ये पॉवर-ट्रबलशूटरचा इव्हेंट १ (मशीन झोपेतून उठल्याची नोंद) आला की. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, डायनॅमिक लायटिंग इथे जाऊन ते बंद करा. नाहीतर एका दिव्याला दोन मालक होतात आणि तो लुकलुकत राहतो.

बोर्डवाल्यांचं सॉफ्टवेअर काढलं तरी विंडोज नव्याने टाकल्यावर 'इन्स्टॉल करू का' म्हणून परत येतं, कारण ते बायोसमधून ढकललं जातं. तिथलाही पर्याय डिसेबल करा.

गुंताडा | १० मे, रात्री ११:४८

उघडलं. हबच्या पहिल्या पोर्टला काहीच नव्हतं, फॅन २, ३, ४ वर होते. एक उचलून १ ला लावला, बायोसमध्ये ऑटोचं पीडब्ल्यूएम केलं. आता ३० टक्क्यांना पुढचे ६४० आरपीएमवर, मिक्स कर्व्ह बसवलाय. धाप थांबली, ईआरपीने दिवेही थांबले.

उरलं एकच. १००० आरपीएमच्या आसपास कॅबिनेट घुमतं. ९०० ला शांत, ११०० ला नुसती हवा.

ओमचा_नियम | ११ मे, सकाळी ७:५५

नऊ पात्यांचा फॅन आहे ना? १००० भागिले ६० गुणिले ९, म्हणजे १५० हर्ट्झ. तो सूर बाजूच्या पत्र्याला किंवा काचेला लागतोय. काचेवर हात दाबून बघा, थांबला तर तिथे रबरी पट्टी लावा. नाही थांबला तर कर्व्हला पायरी द्या: ६१ अंशांपर्यंत ९०० चा टक्का सपाट, ६२ ला थेट ११०० चा. मधल्या पट्ट्यात फॅन रेंगाळलाच नाही पाहिजे. हिस्टरेसिस ३ वरून ५ करा, नाहीतर पायरीवर उड्या मारत बसेल.

चकलीपात्र | ११ मे, सकाळी ८:१०

हे सगळं लॅपटॉपवर चालेल?

टर्मिनल_काकू | ११ मे, सकाळी ८:२६

सहसा नाही. लॅपटॉपचा फॅन एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या वेगळ्या चिपच्या ताब्यात असतो आणि प्रत्येक मॉडेलची भाषा वेगळी. एनबीएफसी या लॅपटॉप फॅनच्या प्रोग्रॅमच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल असेल तरच हात लावा. जवळपासच्या मॉडेलची फाइल 'बघू चालते का' म्हणून लावू नका, चुकीच्या रजिस्टरला (चिपमधल्या कप्प्याला) लिहिलं जातं.

उष्माघात | ११ मे, सकाळी ८:३१

आणि लॅपटॉपला मठ्ठा वरून ओतू नये.